कडक गादी, मऊ गादी आणि सकाळी धरणारी कंबर

प्रश्न : माझे वय 43 वर्षे आहे. गेल्या काही महिन्यांपासून सकाळी उठताना माझी कंबर धरते. पहिली काही पावले वाकूनच टाकावी लागतात. साधारण वीस मिनिटांत अंग मोकळे होते आणि मग फार वेळ सलग बसावे लागले नाही, तर दिवसभर विशेष त्रास होत नाही. आमची गादी 11 वर्षांची असून तिच्या मध्यभागी खळगा पडला आहे. वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून मी आधी गादीखाली फळी घातली आणि नंतर गादी काढून टाकून काही आठवडे नुसत्या फळीवर चादर अंथरून झोपलो. त्याने कंबरेला थोडे बरे वाटले, पण खांदा आणि नितंबाचे हाड दुखू लागले आणि रात्री वारंवार जाग येऊ लागली. एक्स-रे पाहून डॉक्टरांनी ‘वयानुसार थोडी झीज आहे’ असे सांगितले. दुकानदार ‘ऑर्थोपेडिक’ गादी घ्या म्हणतो. या गादीने माझ्या मणक्यांचे कायमचे नुकसान केले आहे का? आणि कंबर दुखणाऱ्याने गादी कडक घ्यावी की मऊ?

उत्तर : आपल्या दोन प्रश्नांपैकी पहिला अधिक धास्तीचा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. दबलेल्या गादीवर काही वर्षे झोपल्याने मणके झिजतात किंवा त्यांच्यामधील चकत्या कायमच्या बिघडतात, असे मानायला आधार नाही. गैरसोयीच्या बिछान्यामुळे कंबरेचे स्नायू आखडतात, असलेले दुखणे वाढते आणि झोप मोडते. हा त्रास खरा असला, तरी कारण दूर झाल्यावर तो सहसा ओसरतो. अहवालातील ‘झीज’ या शब्दाने घाबरून जाऊ नये. ज्यांना कंबरेची कोणतीही तक्रार नव्हती अशा तीन हजारांहून अधिक लोकांच्या एमआरआय आणि सीटी स्कॅनचे निष्कर्ष 2015 मध्ये एकत्र मांडण्यात आले, तेव्हा 20 वर्षे वयाच्या गटात 37 टक्के, 40 वर्षांच्या गटात 68 टक्के आणि 80 वर्षांच्या गटात 96 टक्के लोकांच्या चकत्यांमध्ये झिजेची लक्षणे आढळली. म्हणजे आपल्या वयाच्या, ठणठणीत कंबर असलेल्या दहा माणसांची तपासणी केली, तर त्यांतील सहा-सात जणांच्या अहवालात हाच शब्द येईल. केस पिकण्यावर आपण उपचार शोधत बसत नाही. तसेच या झिजेकडेही पाहावे.

आता सकाळी नेमके काय घडते ते पाहू, कारण आपल्या तक्रारीचा काही भाग गादीशी संबंधित नसून शरीराच्या रोजच्या क्रमाचाच आहे. मणक्यांमधील चकतीला मोठ्या वयात स्वतःचा असा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिच्यातील पाणी आणि पोषणद्रव्ये आजूबाजूच्या ऊतींतून झिरपत येतात. दिवसभर उभे राहताना आणि बसताना शरीराच्या भाराखाली चकतीतले पाणी हळूहळू बाहेर पडते आणि आडवे झाल्यावर ते पुन्हा आत येते. जर्मनीत 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एका स्वयंसेवकाच्या कंबरेच्या चकतीत सूक्ष्म संवेदक बसवून तिच्यातला दाब थेट मोजण्यात आला. उभे असताना तो सुमारे 0.5 मेगापास्कल होता, आडवे झाल्यावर 0.1 पर्यंत उतरला आणि सात तासांच्या झोपेत चकतीत पाणी भरत गेल्याने पुन्हा 0.24 पर्यंत चढला. एकाच माणसावरचे हे मोजमाप असल्यामुळे आकडे जसेच्या तसे सर्वांना लावता येणार नाहीत, पण त्यांतून दिसणारी दिशा इतर निरीक्षणांशी जुळते. माणसाची उंची सकाळी सर्वांत जास्त असते, दिवसभरात ती साधारण एक टक्क्याने घटते आणि त्यातली जवळपास निम्मी घट उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच होते. भरलेली चकती वाकण्याला अधिक विरोध करते आणि त्या वेळी पुढे वाकले तर तिच्यावर व मागच्या अस्थिबंधांवर (हाडे एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर) ताण जास्त येतो. म्हणून उठल्या उठल्या कंबर थोडी ताठ वाटणे हे निरोगी माणसाच्याही अनुभवाचे आहे. आपल्याला वाटणारा ताठरपणा यापेक्षा जास्त आहे हे उघड आहे, परंतु त्यातील किती वाटा गादीचा, हे आधी ठरवायला हवे.

दबलेल्या गादीचा दोष समजून घ्यायचा असेल, तर शरीराचे वजन सगळीकडे सारखे नसते, ही गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. धडाचा सर्वांत जड भाग म्हणजे ओटीपोट आणि नितंब, आणि रोज रात्री तो गादीच्या साधारण त्याच जागी टेकतो. काही वर्षांत तिथला फोम किंवा काथ्या आपली उसळी गमावतो, स्प्रिंगा मऊ पडतात आणि खळगा तयार होतो. अशा गादीवर उताणे झोपले की शरीर झोळीत टाकल्यासारखे मध्यभागी उतरते, ओटीपोट खाली जाते, कंबरेची नैसर्गिक आतली कमान सपाट होते आणि पाठीच्या मागच्या अस्थिबंधांना तासन्‌तास हलका ताण बसत राहतो. कुशीवर झोपले, तर कणा बाजूला वाकतो. पालथे झोपणाऱ्याचे हाल त्याहून अधिक, कारण त्याची कंबर उलट दिशेने, प्रमाणाबाहेर आत वळते. या स्थितीत घटकाभर पडून राहिल्याने काही होत नाही. जागेपणी आपण अवघडल्याचे लगेच ओळखून हलतोही. गाढ झोपेत मात्र ती सूचना उशिरा पोचते आणि मंद, सततचा ताण ऊतींना हळूहळू लांबवत जातो. शिवाय खळग्यातून कूस बदलणे म्हणजे छोटासा चढ चढण्यासारखे असते. निरोगी माणूस रात्रीतून अनेकदा कूस बदलतो आणि ते आवश्यकच आहे, कारण त्यामुळे कोणत्याही एका भागावर फार वेळ भार राहत नाही. खळग्यात ही हालचाल घटते किंवा अर्धवट जाग येऊनच होते.

यावर उपाय म्हणून फळी सुचवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि त्यांच्या सल्ल्यात निम्मे तथ्यही असते, कारण नुसत्या फळीवर झोपल्याने खळगा नाहीसा होतो. आपल्याला सुरुवातीला बरे वाटले ते त्यामुळेच. परंतु शरीर सपाट नाही. कुशीवर झोपलेल्या माणसाचा खांदा आणि नितंब बाहेर आलेले असतात आणि मधली कंबर आत गेलेली असते; कठीण पृष्ठभागावर सगळे वजन त्या दोन टोकांवर पेलले जाते आणि कंबर अधांतरी राहते. उताणे झोपल्यावर तेच माकडहाड आणि पाठीच्या वरच्या भागाच्या बाबतीत घडते. हाडाच्या आणि फळीच्या मध्ये दाबल्या गेलेल्या त्वचेतील रक्तप्रवाह अडतो, तिथे दुखू लागते आणि शरीर गरजेपेक्षा जास्त वेळा कूस बदलते. आपला खांदा दुखणे आणि वारंवार जाग येणे ही त्याचीच चिन्हे आहेत. दबलेल्या गादीखाली फळी घालण्याचा उपयोग का होत नाही, हेही सांगतो. खळगा गादीच्या अंगातच असेल, तर खालून दिलेला आधार त्याला भरून काढत नाही. फळी उपयोगी पडते ती गादी धड असून पलंगाचा तळ किंवा पट्ट्या वाकल्या असतील तेव्हा.

कंबरदुखीला कठीण बिछाना चांगला, हा समज डॉक्टरांमध्येही दीर्घकाळ रुजलेला होता आणि ज्या काळात तो रुजला, त्याच काळात कंबर दुखली की कित्येक दिवस अंथरुणाला खिळून राहण्याचा सल्लाही दिला जाई. तो दुसरा सल्ला आता मागे पडला आहे. 1995 मध्ये फिनलंडमधील एका चाचणीत, अचानक कंबर धरलेल्या लोकांपैकी जमेल तेवढे नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे लोक दोन दिवस अंथरुणात राहिलेल्यांपेक्षा लवकर सुधारले. फळीचा सल्ला मात्र घरोघरी टिकून आहे. कठीण बिछाना चांगला, या समजाची नीट परीक्षा स्पेनमध्ये झाली. दीर्घकाळ कंबर दुखणाऱ्या 313 प्रौढांना नव्या गाद्या देण्यात आल्या. कोणाला कोणती मिळाली हे त्यांना सांगितले नव्हते. कडकपणाच्या ज्या मापात 1 म्हणजे सर्वांत कडक आणि 10 म्हणजे सर्वांत मऊ, त्यावर निम्म्यांची गादी 2.3 एवढी कडक, तर उरलेल्यांची 5.6 म्हणजे मध्यम होती. 90 दिवसांनंतर मध्यम गादीवर झोपणाऱ्यांची झोपेतली वेदना आणि दैनंदिन कामांतील अडचण कडक गादीवाल्यांच्या तुलनेत अधिक कमी झाली होती. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाकडे बोट दाखवून ‘मध्यम गादी घ्या’ असे आज सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. तथापि त्याच चाचणीत कडक गादीवाल्यांचे दुखणेही बऱ्यापैकी कमी झाले होते, याचा उल्लेख क्वचितच होतो. कडकपणाचा नेमका अंश जुळवण्यापेक्षा खराब गादी बदलणे अधिक महत्त्वाचे असावे, असा अर्थ मी त्यातून काढतो.

तेव्हा आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘मध्यम’ असे आहे, पण त्यात एक मेख आहे. मध्यम म्हणजे काय, हे झोपणाऱ्याच्या वजनावर ठरते. 50 किलोच्या माणसाला जी गादी कडक वाटते, तीच 90 किलोच्या माणसाखाली मऊ पडते. निरनिराळे उत्पादक कडकपणाचे शब्दही आपापल्या मापाने वापरतात; एकाची ‘मीडियम’ दुसऱ्याची ‘फर्म’ असू शकते. ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्दही बहुधा विक्रीसाठी चिकटवलेला असतो. त्यामागे सर्वांनी पाळावे असे एखादे वैद्यकीय मानक नसते आणि या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक गाद्या नुसत्याच कडक असतात. दुकानदाराला त्या शब्दाऐवजी फोमची घनता विचारावी. घनता आणि कडकपणा या वेगळ्या गोष्टी आहेत: कडकपणा म्हणजे पहिल्या रात्री गादी किती दबते, आणि घनतेवरून ती काही वर्षांनी कितपत टिकून राहील याचा अंदाज येतो. कमी घनतेचा कडक फोम दुकानात छान वाटतो आणि आपल्याकडे आज आहे तसा खळगा लवकर तयार करतो. मेमरी फोम शरीराच्या उष्णतेने मऊ होऊन आकार घेतो, त्यामुळे खांद्याला आराम मिळतो. पण ज्यांना कूस बदलताना कंबर दुखते त्यांना त्यात रुतल्यासारखे वाटू शकते. लॅटेक्स आणि चांगल्या स्प्रिंगच्या गादीत उसळी जास्त असल्याने वळणे सोपे जाते. यांपैकी एकच साहित्य कंबरेसाठी सर्वश्रेष्ठ आहे, असे सिद्ध झालेले नाही.

मात्र पैसे खर्च करण्याआधी दोषी गादीच आहे का, याची शहानिशा घरच्या घरी करावी. गादीवरचे सगळे अंथरूण काढून तिच्या एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत, आपण झोपता त्या जागेवरून, एक दोरी ताणून धरावी आणि दोरी व गादी यांतील सर्वांत खोल अंतर पट्टीने मोजावे. कोणी झोपलेले नसतानाच ते तीन सेंटीमीटरच्या आसपास किंवा अधिक भरत असेल, तर वजन पडल्यावर काय होत असेल याची कल्पना येईल. अशा गादीची भलामण मी करणार नाही. त्यानंतर गादी जमिनीवर टाकून दोन रात्री झोपून पाहावे. फरक पडला तर दोष पलंगाच्या तळाचा असू शकतो. घरातील दुसऱ्या, धड असलेल्या गादीवर आठवडाभर झोपणे ही सर्वांत उपयोगी परीक्षा आहे. एका रात्रीवरून निष्कर्ष काढू नये, कारण नव्या जागी पहिली झोप तशीही अपुरीच होते. या काळात रोज सकाळी उठतानाचे दुखणे शून्य ते दहा या मापात आणि अंग मोकळे व्हायला लागलेला वेळ, एवढेच दोन आकडे लिहून ठेवावेत. दुसऱ्या गादीवर ते स्पष्टपणे उतरले आणि जुन्या गादीवर परतताच पुन्हा चढले, तर निकाल लागला असे समजावे. दोन्हीकडे आकडे सारखेच राहिले, तर नवी गादी घेऊनही निराशाच पदरी पडण्याची शक्यता मोठी आहे.

नवी गादी निवडताना दुकानात काठावर बसून हाताने दाबून पाहण्याचा काही उपयोग नाही. आपण ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर, नेहमीच्या उंचीची उशी घेऊन, निदान दहा-पंधरा मिनिटे पडून राहावे आणि सोबतच्या व्यक्तीला पाठीमागून फोटो काढायला सांगावा. मानेपासून माकडहाडापर्यंतची कण्याची रेघ बिछान्याला जवळपास समांतर दिसली पाहिजे. कंबर खाली ओघळलेली दिसली तर गादी मऊ आहे. खांदा वर ढकलला जाऊन कंबरेखाली पोकळी दिसत असेल तर कडक. उताणे झोपून कंबरेखाली तळहात सरकवावा: तो सहज आरपार गेला तर आधार कमी पडतो, आत जातच नसेल तर आपण रुतलेले आहात, आणि किंचित प्रयत्नाने गेला तर बरोबर. घरी नेऊन काही आठवडे वापरून परत करता येईल अशी सोय विक्रेता देत असेल, तर तिला मी किमतीपेक्षाही जास्त महत्त्व देईन. आपल्या शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीचे वजन आपल्यापेक्षा बरेच वेगळे असल्यास दोन स्वतंत्र गाद्या एकमेकींना लावून ठेवणे हा सोपा मार्ग आहे. एकाच मऊ गादीवर हलका माणूस रात्रभर जड माणसाकडे कलत राहतो आणि नकळत स्नायू आवळून स्वतःला सावरत असतो.

गादी बदलेपर्यंत फळीवर फक्त चादर न घालता तिच्यावर चार-पाच सेंटीमीटर जाडीचा फोमचा थर घालावा. खांद्याचे आणि नितंबाचे दुखणे त्यानेच बरेच कमी होईल. उताणे झोपत असाल तर गुडघ्यांखाली एक उशी द्यावी, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूंची ओढ सैल होऊन कंबर टेकते. कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्यावी. ती नसली की वरचा पाय पुढे घसरतो आणि त्याच्यामागून ओटीपोट व कंबर पिळली जाते. पालथे झोपल्याशिवाय डोळाच लागत नसेल, तर पोटाखाली पातळ उशी घेऊन कंबरेची कमान कमी करावी, परंतु मानेला त्यातून सुटका नाही. सकाळी सरळ उठून बसण्याऐवजी आधी गुडघे वाकवून कुशीवर वळावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि हाताने रेटा देत बसते व्हावे. त्यानंतरचा अर्धा-पाऊण तास खाली वाकून वस्तू उचलणे, बुटांच्या नाड्या बांधायला कमरेत वाकणे, पायाच्या बोटांना हात लावण्याचे व्यायाम करणे हे सगळे टाळावे. सकाळच्या सुरुवातीच्या वेळेत पुढे वाकणे टाळणाऱ्या जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना त्याचा फायदा झाल्याचे 1998 मधील एका अभ्यासात दिसले आहे, आणि यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. घरातल्या घरात थोडे चालावे, मग ताण देण्याचे व्यायाम करावेत.

दुखण्यामुळे झोप मोडते हे सगळेच जाणतात. अपुऱ्या झोपेमुळे मज्जासंस्था वेदनेला अधिक संवेदनशील होते आणि आदल्या दिवशी सोसवलेले दुखणे दुसऱ्या दिवशी असह्य वाटते, ही दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. म्हणून फळीवर कंबरेला थोडे बरे वाटत असले तरी चार वेळा जाग येत असेल, तर तो सौदा तोट्याचा आहे. तसेच सलग बसल्यावर त्रास होतो, असे आपण जाता जाता लिहिले आहे. ते वाक्य मला गादीइतकेच महत्त्वाचे वाटते. रात्री सात तास जो बिछाना पाठीला मिळतो त्याची चौकशी करताना दिवसाचे आठ-नऊ तास ती ज्या खुर्चीत असते ते विसरून चालणार नाही. दर अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे चालणे आणि आठवड्यातील बहुतेक दिवस वेगाने फिरणे या गोष्टी नव्या गादीची वाट न पाहता आजपासून सुरू करता येतील.

काही लक्षणे असतील तर मात्र गादीचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकणे, रात्रीच्या उत्तरार्धात दुखण्याने जाग येणे, विश्रांतीने बरे न वाटता हालचालीने बरे वाटणे आणि दुखणे पंचेचाळिशीच्या आत हळूहळू सुरू झालेले असणे, हे सारे एकत्र आले तर अँकायलोझिंग स्पाँडिलायटिससारख्या दाहजन्य संधिवाताची शंका घ्यावी लागते. अशा रुग्णांची कित्येक वर्षे गाद्या बदलण्यात जातात आणि निदान लांबते. आपला ताठरपणा वीस मिनिटांत जातो, त्यामुळे ती शक्यता कमी आहे. पण आपले वय त्या मर्यादेच्या आत असल्याने तो वेळ वाढत गेल्यास संधिवाततज्ज्ञांना दाखवावे. ताप, कारणाशिवाय वजन घटणे, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, किंवा कोणत्याही स्थितीत न थांबणारी रात्रीची वेदना असेल, तर तपासणी लांबवू नये. पायातली शक्ती कमी होत जाणे, जांघेच्या व गुदद्वाराच्या आसपास बधिरपणा येणे, लघवी अडणे किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे ही तातडीची लक्षणे आहेत आणि त्यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

यांतले काही नसेल, तर आधी आठवडाभराची गादीची परीक्षा करावी आणि तिचा कौल पाहून खरेदीचा निर्णय घ्यावा. नव्या गादीची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, तेव्हा सुरुवातीच्या काही रात्रींवरून तिला नापास करू नये. सहा आठवड्यांनंतरही सकाळचे आकडे खाली आले नाहीत, तर ती नोंदवही घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जावे. उपचार कुठून सुरू करायचे हे ठरवताना त्यांना एक्स-रेपेक्षा ती नोंदवही अधिक उपयोगी पडेल.